फुकट सॉफ्टवेअर, मग देणगी कसली मागतात?

गेल्या अंकात याच पानावर मी जाता जाता एक वाक्य लिहिलं होतं, की लिबरऑफिस (वर्ड-एक्सेलसारखी कामं करणारं फुकट सॉफ्टवेअर) डाउनलोड करताना जे देणगीचं पान उघडतं ते लगेच बंद करू नका, जमलं तर शंभर-दोनशे रुपये टाका. त्यावर एवढे मेसेज आले की प्रिंटर, पासवर्ड आणि जावयानं दुबईहून पाठवलेला फोन हे नेहमीचे विषय पुढच्या महिन्यावर ढकललेत. नाव छापू नका असं बहुतेकांनी म्हटलंय म्हणून नुसतं गाव देतोय.

दादा, आमच्या हायस्कुलात लॅबमधल्या सगळ्या मशीनवर लिबरऑफिस आहे. तुमचं वाचून आमच्या क्लार्कनं विचारलं, फुकट म्हणतात आणि वर डोनेशन मागतात, मग पैसे जातात कोणाच्या खिशात? कंपनी कुठली, मालक कोण? मला उत्तर देता आलं नाही.
एक मास्तर, म्हापसा

सर, क्लार्कनं एकदम बरोबर जागी बोट ठेवलंय, देणगी द्यायच्या आधी प्रत्येकानं हेच विचारायला हवं.

मालक असा कोणी नाही. पूर्वी ओपनऑफिस म्हणून सॉफ्टवेअर होतं, ते सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीकडे होतं, २०१० मध्ये ओरॅकलनं सनलाच विकत घेतलं आणि ओपनऑफिसवर काम करणारी मंडळी धास्तावली, कारण कोड, म्हंजे प्रोग्रामरनं लिहिलेला सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर, सगळ्यांना खुला असला तरी नाव, वेबसाइट, सर्व्हर सगळं कंपनीचं. त्याच वर्षी सप्टेंबरात त्यातले बरेच जण वेगळे झाले, कोड बरोबर नेला, नाव मात्र नेता येईना, म्हणून नवीन नाव घेतलं लिबरऑफिस. आणि परत हीच पाळी नको म्हणून यावेळी सगळं एका फाउंडेशनच्या नावावर ठेवायचं ठरलं, द डॉक्युमेंट फाउंडेशन. जर्मनीत असं फाउंडेशन काढायला आधी भांडवल दाखवावं लागतं, ५० हजार युरो हवे होते, लोकांना आवाहन केलं आणि आठ दिवसांत जमले. २०१२ पासून ते बर्लिनला रीतसर रजिस्टर आहे.

आता पैसे कशाला लागतात ते. लोकांना वाटतं की आपले शंभर रुपये कोड लिहिणाऱ्याला पगार म्हणून जातात, तसं फारसं नसतं. लिबरऑफिसचा बराचसा कोड लिहितात ते लिबरऑफिसचा सपोर्ट विकणाऱ्या कंपन्यांचे इंजिनिअर आणि बाकी जगभरचे हौशी लोक, फाउंडेशनचे स्वतःचे पगारी लोक मोजकेच, अलीकडे त्यांनी काही डेव्हलपरही ठेवलेत पण मुख्य काम ते नाही. मुख्य काम म्हंजे डाउनलोडचे सर्व्हर चालू ठेवणं, नवीन व्हर्जन सोडायच्या आधीची तपासणी, बगांची म्हंजे चुकांची यादी सांभाळणं, भाषांतराची सिस्टिम, वर्षाची कॉन्फरन्स, नावाचा ट्रेडमार्क, वकील, हिशेब. सगळी कंटाळवाणी कामं, जी हौसेनं कोणी करत नाही.

आपल्याकडे जत्रेला देवळात नाटक असतं ना, तसंच समजा. नाटक करतात गावचे लोक, महिनाभर रात्री जागून तालमी तेच घेतात, पण मांडव, लाइट, साउंडवाल्याचं बिल, परवानगी आणि वर्षाचा हिशेब देवस्थान समिती बघते. समितीनं नटाला अभिनय शिकवायचा नसतो. काही ठिकाणी शिकवतात आणि मग भांडणं होतात, तशी फाउंडेशनांमध्येपण होतात, डॉक्युमेंट फाउंडेशनमध्येसुद्धा कंपन्यांचा शब्द किती चालायचा यावरून चांगली जुंपलेली आहे, सगळं गुण्यागोविंदानं चाललंय असं मी म्हणणार नाही.

क्लार्कना सांगा, फाउंडेशन दरवर्षी आपला अहवाल आणि खर्च वेबसाइटवर टाकतं, त्यांनी एकदा त्यांच्या नजरेनं वाचून बघावा, मलाही कळवावं.

नमस्कार दादा, आम्ही इंजिनिअरिंगची चार मुलं, फेरीबोटींच्या वेळा दाखवणारं एक ॲप केलंय, कोड ओपन ठेवलाय. जर्मनीतला एक टुरिस्ट ते वापरून गेला आणि आता विचारतोय, पैसे कुठे पाठवू? आमच्यातल्या एकाचे काका म्हणतात सोसायटी रजिस्टर करा, लेटरहेड काढा. करायची का?
फर्मागुडी

अरे पोरांनो, थांबा जरा. आपल्या लोकांना संस्था काढायची भारी हौस, ॲप राहतं बाजूला आणि अध्यक्ष कोण यावर वर्ष जातं. सोसायटी रजिस्ट्रेशनचा कायदा १८६० सालचा, त्याखाली किमान सात माणसं लागतात, तुम्ही चार, म्हणजे अजून तीन काका शोधा. मग दरवर्षी सभा, कमिटीची यादी, ऑडिट, पॅन, बँकेत केवायसी, इन्कम टॅक्सकडचं रजिस्ट्रेशन परत वेगळं. आणि एवढं सगळं करूनही जर्मनीची देणगी घेता येणार नाही ती नाहीच, कारण परदेशातून देणगी घ्यायला एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याखालचं रजिस्ट्रेशन लागतं, त्यासाठी संस्था तीन वर्षं जुनी हवी, तिनं तेवढ्यात १५ लाख रुपये कामावर खर्च केलेले हवेत, आणि पैसे येणार ते दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच. म्हणजे फेरीबोटीच्या टाइमटेबलसाठी दिल्लीत खातं. काकांना हे वाचून दाखवा.

जगात बहुतेक छोटे प्रोजेक्ट काय करतात, स्वतःची संस्था काढतच नाहीत, आधीच असलेल्या एखाद्या संस्थेच्या आसऱ्याला जातात, याला फिस्कल स्पॉन्सर म्हणतात. कायद्याच्या भाषेत तुमच्या प्रोजेक्टला अस्तित्व नसतं, ना पॅन ना खातं, पण स्पॉन्सर संस्थेला असतं. देणगी तिच्या खात्यात येते, तुमच्या नावाची वेगळी नोंद राहते, सर्व्हरचं बिल आलं की तुम्ही कळवायचं आणि ती भरणार. डोमेन (वेबसाइटचा पत्ता), ट्रेडमार्क, करार हेही तिच्या नावावर ठेवता येतं. त्या बदल्यात ती थोडा हिस्सा कापून घेते.

यातली जुनी म्हंजे सॉफ्टवेअर इन द पब्लिक इंटरेस्ट, लोक एसपीआय म्हणतात, १९९७ मध्ये डेबियनसाठी निघाली, डेबियन म्हंजे लिनक्सचा एक प्रकार, आणि लिनक्स म्हंजे विंडोजसारखी पण खुली सिस्टिम, आता तिच्याकडे पोस्टग्रेस हा डेटाबेस आणि आर्च हे दुसरं लिनक्ससुद्धा आहेत, ५ टक्के घेते. दुसरी सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी, २००६ सालची, १० टक्के घेते. तुम्ही कोडमधले बदल नोंदवायला दिवसातून पन्नास वेळा जे गिट चालवता ना, तो प्रोजेक्ट हिच्याच छत्राखाली आहे, चित्रं काढायचं इंकस्केप आणि नेटवर्कवर फाइली शेअर करायचं सांबापण. म्हणजे अर्धं जग ज्यावर चालतं त्या गिटची स्वतःची कंपनी नाही की संस्था नाही, काही अडलंय का त्याचं? पण कॉन्झर्व्हन्सी निवडून निवडून प्रोजेक्ट घेते, तुमचा घेईल असं वाटत नाही, स्पष्टच बोलतो. छोट्यांसाठी ओपन सोर्स कलेक्टिव्ह म्हणून आहे, तिथे अटी कमी आणि कोणी किती दिले, कशावर खर्च झाले ते सगळ्यांना उघड दिसतं, मला तो प्रकार आवडतो. फक्त एक लक्षात ठेवा, आसरा देणारी संस्थापण बंद पडू शकते, २०२४ मध्ये अमेरिकेतल्या ओपन कलेक्टिव्ह फाउंडेशननं गाशा गुंडाळला, नाव सारखं असलं तरी ही वेगळी संस्था बरं का, तिच्या भरवशावर असलेल्या शेकडो गटांना वर्ष संपायच्या आत दुसरा आसरा शोधावा लागला.

आपल्या देशात २०२० पासून फॉस युनायटेड आहे, ते भारतातल्या प्रोजेक्टना छोटी ग्रँट देतात, शहरांत मीटअप घेतात, तुमच्यासाठी पहिला दरवाजा तोच. झीरोधानं २०२४ मध्ये वर्षाला १० लाख डॉलरचा फ्लॉस फंड जाहीर केला तो तुम्ही ऐकला असेल, पण तो आधीच खूप लोक वापरतात अशा प्रोजेक्टसाठी आहे, तिथे पोचायला अजून बऱ्याच फेऱ्या माराव्या लागतील.

आणि जर्मनीच्या माणसानं उद्या जीपेसारखं काहीतरी करून एकाच्या पर्सनल खात्यात पैसे टाकतो म्हटलं तर नको म्हणा. कामाचा मोबदला आणि देणगी यात कायद्यानं फरक आहे, तो तुम्ही चौघांनी कॅन्टीनमध्ये बसून ठरवायचा नाही, सीएला विचारायचा. तोपर्यंत दोन गोष्टी फुकटात करा, लायसन्सची फाइल कोडमध्ये टाकलीय का बघा आणि डोमेनचा पासवर्ड एकाच्याच ईमेलवर आहे का तेही बघा. एक जण नोकरीला बेंगळुरूला गेला की ॲपपण जातं, असं गोव्यात किती वेळा झालंय ते मला विचारा.

आमचं वाचनालय जुनं आहे, आता पुस्तकांची यादी कॉम्प्युटरवर आणायचीय. कोणी म्हणालं कोहा घ्या, फुकट आहे. मग एक जण आला, म्हणाला कोहा आमच्याच कंपनीचं आहे, वर्षाला इतके भरा नाहीतर वापरता येणार नाही. खरं काय?
ग्रंथपाल, साखळी

मॅडम, पैसे मागितले यात त्याची चूक नाही, आमच्याच कंपनीचं हे मात्र धडधडीत खोटं.

कोहा जन्मलं न्यूझीलंडमध्ये, होरोव्हेनुआ नावाच्या भागातल्या लायब्ररी ट्रस्टकडे, म्हणजे तुमच्यासारख्याच सार्वजनिक वाचनालयाकडे. १९९९ मध्ये त्यांची जुनी सिस्टिम सन २००० उजाडला की बंद पडणार होती, तेव्हा वायटूकेची सगळीकडेच बोंब होती ती आठवत असेल, महागडी नवीन सिस्टिम घेण्यापेक्षा त्यांनी एका स्थानिक कंपनीकडून स्वतःची बनवून घेतली, जानेवारी २००० मध्ये चालू केली आणि कोड जीपीएल लायसन्सखाली सगळ्यांना देऊन टाकला. त्यामुळे कोहा कोणीही उतरवून घ्यावं, चालवावं, बदलावं, दुसऱ्याला बसवून देऊन त्याचे पैसेही घ्यावेत, त्याला कोणाची परवानगी लागत नाही. तुमच्याकडे आलेला माणूस इन्स्टॉल करून देणार, बॅकअप बघणार, मुलींना शिकवणार याचे पैसे घेत असेल तर तो त्याचा धंदा आहे, घासाघीस करा पण राग धरू नका.

या कोहाच्या नावाची एक लढाई झालेली आहे, ती सांगतोच. २०११ मध्ये एका अमेरिकन कंपनीनं न्यूझीलंडमध्येच कोहा या नावाच्या ट्रेडमार्कसाठी केलेला अर्ज तिथल्या ऑफिसनं पुढे सरकवला. कोड खुला होता, तो कोणी नेऊ शकत नव्हतं, पण नाव गेलं असतं तर ज्या वाचनालयानं हे बनवलं त्यालाच उद्या कोहा म्हणायची चोरी. त्या छोट्या ट्रस्टनं जगभर मदत मागितली, ग्रंथपालांनी पैसे पाठवले, वकील पुढे आले, वाद पुढे काही वर्षं चालला आणि शेवटी कंपनीला ते नाव मिळालं नाही. ट्रस्ट होती म्हणून विरोध कोणाच्या नावानं नोंदवायचा हा प्रश्न आला नाही. नुसते विखुरलेले प्रोग्रामर असते तर त्या ऑफिसात अर्ज घेऊन गेलं कोण असतं?

तुमच्यापुरतं सांगतो. कामाचं लिहून घ्या, सर्व्हरचा ॲडमिन पासवर्ड वाचनालयाकडे राहील हे त्यात घाला, आणि दर महिन्याला डेटाबेसचा बॅकअप तुमच्या कपाटातल्या हार्ड डिस्कवर आला पाहिजे हेही. एवढं असलं की तो माणूस नको झाला तरी दुसरा आणता येतो. ज्याला ही अट नको त्याला चहा पाजून पाठवून द्या.

मी टीव्ही रिपेअर करतो. हल्लीच्या स्मार्ट टीव्हीच्या सेटिंगमध्ये खोल कुठेतरी ओपन सोर्स लायसन्स नावाचं लांबलचक पान असतं, इंग्रजीत पन्नास पानं. गिऱ्हाइकं विचारतात, व्हायरस आहे का?
डिचोली

नाही हो, व्हायरस नाही, उलट कंपनीनं दिलेली कबुली आहे ती. त्या टीव्हीच्या आत लिनक्स असतं, बिझीबॉक्स नावाचं छोट्या टूलांचं गाठोडं असतं, आणखी किती कायकाय, सगळं लोकांनी लिहून फुकट दिलेलं. त्यातल्या बऱ्याच कोडची एकच अट, जीपीएलची, की हे घालून वस्तू विकलीस तर विकत घेणारा मागेल तेव्हा त्याला सोर्स कोड द्यायचा, तू केलेल्या बदलांसकट. बऱ्याच कंपन्या ते पान छापतात आणि कोड मागितला की मेलला उत्तर देत नाहीत.

मग विचारणार कोण? तुम्ही-आम्ही एकेकट्यानं टीव्ही कंपनीवर केस थोडीच करणार. इथे परत या संस्था येतात, आणि मला विचाराल तर त्यांचं हे काम सगळ्यात कमी माहीत असलेलं आणि सगळ्यात मोलाचं आहे. २००३ मध्ये लिंक्सिस कंपनीच्या एका राउटरमध्ये लिनक्स सापडलं, कोड दिला नव्हता, १९८५ पासून असलेली फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन मागे लागली, कोड बाहेर आला आणि त्यातूनच पुढे ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरचं सॉफ्टवेअर उभं राहिलं, जे आज शेकडो प्रकारच्या राउटरांवर चालतं. लिंक्सिसची तेव्हाची मालक सिस्को, तिच्याबरोबरचा वाद तरी मिटेना, तेव्हा २००८ मध्ये फाउंडेशननं कोर्टात खेचलं आणि पुढच्या वर्षी तडजोड झाली. २०२१ मध्ये कॉन्झर्व्हन्सीनं कॅलिफोर्नियात व्हिझिओ या टीव्ही कंपनीवर दावा लावला, त्यात गंमत अशी की त्यांनी कोड लिहिणाऱ्यांच्या वतीनं न जाता दुकानातून टीव्ही विकत घेतले आणि गिऱ्हाईक म्हणून गेले. नुकसानभरपाई मागितली नाही, फक्त सोर्स कोड द्या म्हणाले.

तुमच्या धंद्याला याचा संबंध आहे बघा. पॅनल ठणठणीत, बोर्ड ठीक, पण चार वर्षांत कंपनीनं अपडेट बंद केलं म्हणून ॲप चालत नाहीत आणि गिऱ्हाईक टीव्ही भंगारात घालतं, असं तुम्ही रोज बघत असाल. कोड मिळाला तर कोणीतरी तो टीव्ही पुढे चालू ठेवू शकतं. राउटरांत ते झालंच, २०२४ मध्ये तर ओपनडब्ल्यूआरटीचा स्वतःचा राउटर निघाला, ओपनडब्ल्यूआरटी वन, एक विकला की १० डॉलर कॉन्झर्व्हन्सीकडे त्या प्रोजेक्टच्या फंडात जातात.

ही सगळी फाउंडेशनं गुगल आणि मायक्रोसॉफ्टच्या पैशावर चालतात हे उघड आहे. मग आम्ही पगारदारांनी शंभर रुपये कशाला टाकायचे? ही समाजसेवा नसून कंपन्यांचा क्लब आहे.
बंदरात नोकरीला असलेला एक वाचक, वास्को

भाई, काही ठिकाणी तुम्ही म्हणता तसंच आहे. लिनक्स फाउंडेशन, २००७ मध्ये दोन संस्था एकत्र येऊन झालेली, ती अमेरिकन कायद्यात धर्मादाय संस्था म्हणून नाहीच, व्यापारी संघटना म्हणून आहे, म्हणजे आपल्याकडची चेंबर ऑफ कॉमर्स. कंपन्या फी भरून मेंबर होतात आणि बोर्डावर बसतात, लपवाछपवी काही नाही. लिनक्सचा जनक लिनस टॉर्वाल्ड्स, त्याचा पगार तिथून होतो, हे मला चांगलंच वाटतं कारण त्यामुळे तो कुठल्याच एका कंपनीचा नोकर नाही. पण नाव लिनक्स असलं तरी लिनक्स कर्नलवर, म्हंजे लिनक्सच्या गाभ्यावर, थेट होणारा खर्च त्यांच्या एकूण खर्चाचा अगदी लहान तुकडा आहे, बाकी शेकडो दुसरे प्रोजेक्ट, कार्यक्रम, ट्रेनिंग. तिथे तुमचे शंभर रुपये टाकू नका असं मीच सांगेन. फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाचं वेगळं दुखणं, फाउंडेशन २००३ पासून आहे, पण फायरफॉक्सची बहुतेक कमाई गुगलला सर्चमध्ये पहिली जागा दिल्याबद्दल गुगलकडूनच येते, स्पर्धकाच्या ताटातलं जेवण.

पण सगळ्यांना एकाच काठीनं हाकू नका. अपाचे फाउंडेशन १९९९ पासून आहे, मोठमोठ्या कंपन्या तिचे स्पॉन्सर आहेत, पण मेंबर कंपनी होऊच शकत नाही, फक्त माणूस, आणि कितीही पैसे दिले तरी प्रोजेक्टमध्ये काय घालायचं हे ठरवता येत नाही. फाउंडेशन कोड लिहायला पैसे देतच नाही, पैसे सर्व्हर आणि वकिलांवर जातात. याची दुसरी बाजू २०२१ च्या डिसेंबरात दिसली, लॉगफोरजे या अपाचेच्याच छोट्या लायब्ररीत (पुस्तकांची नव्हे, दुसऱ्या प्रोग्रामांत घालायचा तयार कोड) भयंकर भोक सापडलं, जगातल्या बँकांची झोप उडाली आणि दुरुस्तीला बसले होते ते नोकरी सांभाळून फावल्या वेळात काम करणारे मोजके लोक.

कंपन्यांचा पैसा नकोच असं म्हणायचीपण सोय नाही. २०१४ च्या एप्रिलमध्ये हार्टब्लीड झालं. ओपनएसएसएल म्हंजे तुम्ही बँकेच्या साइटवर पासवर्ड टाकता तो वाटेत कोणाला वाचता येऊ नये म्हणून कुलूप लावणारं सॉफ्टवेअर, त्यातली ती चूक. तेव्हा कळलं की एवढ्या कामाला वर्षाला देणग्या यायच्या साधारण २ हजार डॉलर आणि पूर्णवेळ काम करणारा जेमतेम एक माणूस. सगळ्या कंपन्या फुकट वापरत होत्या आणि प्रत्येकीला वाटत होतं दुसरी कोणीतरी देत असेल. मग घाईघाईनं लिनक्स फाउंडेशननं फंड काढला, गुगल, मायक्रोसॉफ्ट, फेसबुक आणि बाकीच्यांनी प्रत्येकी वर्षाला १ लाख डॉलर तीन वर्षं द्यायचं कबूल केलं. ही व्यवस्था आग लागल्यावर झाली, पण झाली.

मग आपले शंभर रुपये कशाला? कारण त्याला अटींचं शेपूट नसतं. ब्लेंडर बघा, थ्रीडी ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर, २००२ मध्ये ते बनवणारी डच कंपनी बुडाली, गुंतवणूकदार म्हणाले १ लाख युरो द्या आणि कोड घेऊन जा. वापरणाऱ्यांनी सात आठवड्यांत ते जमवले, ब्लेंडर फाउंडेशननं कोड सोडवून घेतला आणि खुला केला. त्यात लोकांनी टाकलेले छोटे छोटे पैसे होते, त्यातला कोणी उद्या येऊन म्हणणार नाही की आमच्या प्रॉडक्टला त्रास होतो म्हणून हे बटण काढा. २०२५ मध्ये ब्लेंडरवर बनवलेल्या एका लॅटव्हियन सिनेमाला ॲनिमेशनचं ऑस्कर मिळालं, आणि तेच सॉफ्टवेअर इफ्फीला शॉर्टफिल्म पाठवायची स्वप्नं बघणारी पणजीतली पोरं हॉस्टेलच्या लॅपटॉपवर चालवतात. आता कंपन्यापण ब्लेंडरला पैसे देतात, पण शेजारी व्यक्तिगत देणगीदारांची मोठी रांग आहे, त्यामुळे एखादी कंपनी रुसून निघून गेली तर दुकान बंद पडत नाही.

आणि जिथे कोणीच नाही तिथे काय होतं तेही बघा. एक्सझेड नावाचं फाइल दाबून लहान करणारं छोटंसं सॉफ्टवेअर, जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असतं, सांभाळणारा एक माणूस, दमलेला, तब्येतीच्या तक्रारी. मदत करतो म्हणून कोणीतरी आलं, दोनेक वर्षं गोड बोलून विश्वास मिळवला आणि २०२४ मध्ये आत चोरवाट घालून ठेवली. सापडली ती योगायोगानं, एका इंजिनिअरला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो याची चीड आली म्हणून. त्या माणसाच्या पाठीशी ना संस्था होती ना कंपनी. नुसत्या पैशानं हे टळलं असतं असं नाही, पण सोबतीला दुसरा डोळा असता तर फरक पडला असता.

तर भाई, क्लब आहेत तिथे क्लबच म्हणा, पण कुठल्या दारावर उभे आहोत ते आधी बघा.

देणगीवर ८०जी, म्हणजे इन्कम टॅक्समधली सूट, मिळेल का?
मडगाव

परदेशी फाउंडेशनला दिली तर नाही. भारतातल्या संस्थेला दिली आणि तिला ८०जीची मान्यता असेल तर मिळेल, पावती आणि १०बीई सर्टिफिकेट (देणगीचा दाखला) मागून घ्या, २ हजारांवर कॅश देऊ नका. तुम्ही नव्या टॅक्स रेजीममध्ये असाल तर हा विषयच संपला. परदेशी द्यायचीच असेल तर दर महिन्याला पन्नास-पन्नास देत बसू नका, प्रत्येक वेळी कार्डाचा चार्ज आणि युरोचा भाव कापला जातो, वर्षातून एकदाच काय ते द्या.

मी निवृत्त शिक्षिका. ऑनलाइन पैसे पाठवायची भीती वाटते. इंग्रजी वाचता येतं, मराठी चांगलं आहे, घरची भाषा कोकणी. माझा काही उपयोग आहे का?
पेडणे

बाई, तुमच्यासारखीच माणसं कमी पडतात. पैसे नकोत तुमचे.

या सॉफ्टवेअरचे मेनू मराठीत कोणी केलेत असं वाटतं? बहुतेक सगळं काम हौशी लोकांनी केलंय. लिबरऑफिसचं भाषांतर वेबलेट नावाच्या साइटवर चालतं, फायरफॉक्सचं पॉन्टून नावाच्या, त्यासाठीची सिस्टिम त्या-त्या सॉफ्टवेअरचं फाउंडेशन चालवतं, वाक्यं तुम्ही भरायची. लिबरऑफिसमध्ये कोकणीपण आहे. कामाला कोडिंग लागत नाही, पण शाळेतल्या पोराला कळेल असं मराठी लागतं, ते कॉम्प्युटरवाल्यांना येत नाही, आणि आधी झालेल्या भाषांतरांत अशी काही वाक्यं आहेत की तुम्ही लाल पेन काढाल.

दुसरं, आपल्या लिपीची दुखणी कळवणं. ‘वाऱ्यावर’ आणि ‘दऱ्याखोऱ्यात’ मधला तो आडवा र बघा, मराठीला आणि कोकणीला लागतो, हिंदीला लागत नाही, त्यामुळे अनेक फॉन्टांत आणि पीडीएफ करताना तो मोडतो. बर्लिनमध्ये बसलेल्या माणसाला हे सांगितल्याशिवाय कसं कळणार? स्क्रीनचा फोटो, कुठला फॉन्ट, कुठलं व्हर्जन आणि बरोबर कसं दिसायला हवं, एवढं लिहून बगांच्या यादीत टाकलं की झालं, मोडकं इंग्रजीपण चालतं.

तिसरं कोकणीसाठी. गोवा विद्यापीठानं २०१३ मध्ये कोकणी विश्वकोश खुल्या लायसन्सखाली दिला, म्हणजे त्यातला मजकूर विकिपीडियावर वापरायला मोकळा. विकिपीडियाचे सर्व्हर विकिमीडिया फाउंडेशन चालवतं पण लेख लिहायला ते कोणाला पाठवत नाही, पेडण्याचं पेडण्याच्याच माणसानं लिहायचं.

तुमची नोकरी २००० सालाच्या आगेमागे गोव्यातल्या शाळेत झाली असेल तर आठवत असेल, परदेशातल्या गोंयकारांनी आणि इथल्या लिनक्सवेड्या मंडळींनी मिळून वापरलेले कॉम्प्युटर मागवून शाळांना वाटले होते आणि त्यावर लिनक्स घातलं होतं. मशीन मिळाली, पण पडद्यावर सगळं इंग्रजीत, आणि गावच्या शाळेतल्या शिक्षकांना ते शिकवायला माणसं अपुरी. त्या वेळचा तुमच्या शाळेतला अनुभव कसा होता ते मला लिहून पाठवा, पुढच्या अंकात घेतो. आणि वेबलेटवर खातं उघडायला नुसता ईमेल पुरतो, भाषांच्या यादीत मराठी निवडा, सुरुवातीला नवीन काही लिहू नका, दुसऱ्यांनी केलेलंच तपासा आणि चूक वाटेल तिथे सूचना टाका, ती मान्य करणारं वेगळं माणूस असतं त्यामुळे तुमच्या हातून काही बिघडायची भीती नाही.